जादा गादी

“आविन्योंच्या त्या हॉटेलात जादा गादी मिळते का, तेवढं विचार. ताईही येतेय,” मोबाइलमधून मान वर न काढता माधवराव म्हणाले.

लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाची सहल होती. फ्रान्समधलं तटबंदीचं जुनं शहर, नदीवर अर्धाच उरलेला पूल आणि त्या पुलासमोरचं साधंसं हॉटेल, हे सगळं विनयानं शोधून काढलं होतं. वन्सं मात्र मधुचंद्रापासूनच सोबत होत्या. दर सहलीत एक पलंग त्यांचा, कारण त्यांची पाठ नाजूक. दुसरा माधवरावांचा, कारण त्यांचं घोरणं उंचावरच खुलायचं. विनयाची गादी बाथरूमच्या दाराशी. रात्री जो उठेल तो तिला तुडवून जायचा आणि सकाळी म्हणायचा, “तुझं बरंय, तुला कुठेही झोप लागते.”

“गादी मिळतेय,” बुकिंग उरकून विनया म्हणाली. “तुमच्या खोलीत एक पलंग आणि खाली गादी. कोण कुठे, ते तुम्ही भावंडं ठरवा. मी पुलाच्या बाजूची एकटीची खोली घेतलीय. तिला आतून कडी आहे.”

माधवरावांनी घाईघाईनं बहिणीला फोन लावला. “ताई, तुला खाली गादीवर चालेल ना? माझी मान जरा...”

“मी खाली?” पलीकडचा आवाज विनयालाही स्वच्छ ऐकू आला. “का, तुझी बायको कुठे गेली?”

माधवरावांनी बायकोकडे पाहिलं. ती मोबाइलवर पुलाचे फोटो बघत होती. तिनं मान वर काढली नाही.