राखण

नॉर्मनने पिशवीतून डबा काढला, तेव्हा कुठे मॉलीला कळलं की तो नुसतं फूल बघायला आलेला नाही.

यॉर्कशरच्या त्या चुनखडीच्या उतारावर रानटी ऑर्किडचं एकच जुनं रोप उरलं होतं. बाकीची लोकांनी मुळासकट उपटून नेली. म्हणून फुलायच्या दिवसांत शेजारी तंबू ठोकून त्याची राखण करावी लागे. जागा कुणालाही सांगायची नाही, अशी राखणदारांची शपथ होती. नॉर्मनच्या बायकोने, डोरीनने, ती मरेपर्यंत पाळली. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. डोरीन गेल्यावर तिच्या राखणदार मैत्रिणीने, मॉलीने, आज ती शपथ मोडून त्याला वर आणलं होतं.

"तिची थोडी राख इथे मिसळतो," नॉर्मन म्हणाला. "दरवर्षी मे महिना तिने इथेच काढला."

मॉली नाही म्हणाली. राखेतल्या क्षारांनी माती बिघडते, तिने समजावलं. रोपाला पोसणारी बुरशी मातीतच असते, ती मरते. शिवाय आसपास बी रुजलं असेल, तर ते वर्षानुवर्षं जमिनीखालीच असतं, वरून दिसत नाही.

"चिमूटभर, मॉली."

"माझ्या जागी डोरीन बसली असती, तर तिने टाकू दिली असती का? तुम्हीच सांगा."

नॉर्मनने झाकण घट्ट लावलं. मग गुडघे टेकून त्याने पहिल्यांदा ते फूल पाहिलं. पिळदार तपकिरी पाकळ्या, मधे तान्ह्या बाळाच्या बुटाएवढी पिवळी पिशवी.

"एवढंसंच?"

तो बराच वेळ बघत होता. लग्नाचा वाढदिवस नेमका मेमध्ये यायचा, तो सांगू लागला. डोरीन त्याच्यासाठी स्वयंपाक करून ठेवायची आणि निघून यायची. तो ताट वाढून घ्यायचा, रेडिओ लावायचा. कुठे चाललीस, हे विचारणं त्याने पुढे सोडूनच दिलं होतं.

"एकदा 'चल' म्हणाली असती ना," तो म्हणाला, "तर डोळ्यांवर पट्टी बांधून आलो असतो मी."

डबा कोटाच्या आत धरून तो उतार उतरून गेला. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत मॉली उभीच होती. मग ती खाली बसली, आणि त्याच्या गुडघ्यांखाली दबलेलं गवत बोटांनी विंचरून उभं करू लागली. इथे कुणी आलं होतं हे कळू नये, इतकं.