सीझन संपताना

सीझन संपला की लष्करी कॉलेजच्या फुटबॉल टीममधली बरीच मुलं इराकच्या युद्धावर जाणार होती, क्षितिजही. फायनलमध्ये त्याचा गुडघा मोडला, तेव्हा लंडनजवळच्या वॉटफर्डहून मॅच बघायला आलेल्या त्याच्या आईच्या, अनुराधाच्या, मनात आधी आलं, ‘सुटला!’ मग तिला स्वतःचीच लाज वाटली.

हॉस्पिटलमध्ये गिरीशने लेकाचा एक्स-रे पाहिला. तो स्वतः हाडांचा डॉक्टर. “घाबरू नकोस. थोडा उशीर होईल, पण तू जाणारच,” असं म्हणून तो गाडी आणायला गेला.

क्षितिज रडायला लागला. मित्र आधी जाणार म्हणून असेल, असं अनुराधाला वाटलं.

“बरा होशील रे लवकर,” ती कशीबशी म्हणाली.

त्याने तिचा हात घट्ट धरला.

“आई, नाही झालो बरा, तर चालेल तुला?”