तीन बोटं

नर्सिंगच्या परीक्षेत नाडीच्या प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी मिळाले होते. पण वॉर्डातल्या पहिल्याच दिवशी घड्याळजी आजोबांचं मनगट हातात आलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. प्रवेश मिळाल्यावर आईने दिलेल्या घड्याळावर डोळे रोखून तिने मिनिटभर मोजलं. "सिस्टर, एकशे अठरा!" सिस्टरनी तिचा अंगठा हळूच बाजूला केला. "अगं वेडाबाई, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. मोजलेस ते तुझेच ठोके. तीन बोटं ठेव." तिने ठेवली. सुरकुतल्या कातडीखाली काहीतरी संथपणे उठत होतं, विरत होतं, पुन्हा उठत होतं. वर्गातल्या सरावाच्या रबरी हाताला हे कधीच जमलं नव्हतं. "साठ वर्षं लोकांच्या घड्याळांना चावी दिली, पोरी," आजोबा पुटपुटले. "हे मात्र नव्वद वर्षं बिनचावीचं चाललंय." "किती गं?" सिस्टरनी विचारलं. ती तर मोजायचंच विसरून गेली होती.