दुकान वाढवू का?

परदेशातल्या या निवांत गावात शिंपीणबाईंच्या दुकानात काजबटणं करताना माझा जीव रमला होता. त्या दिवशी बाई म्हणाल्या, "थकले गं. महिनाअखेर दुकान कायमचं बंद करते." संध्याकाळी दुकानाची वेळ संपली तरी त्या उठेनात, म्हणून मी त्यांच्या भाषेत विचारलं, "बाई, दुकान वाढवू का?" बाईंचा चेहरा खुलला. "वाढवतेस? खरंच?" माझी चूक ध्यानात आली, पण खोटं कसं बोलू? "माझे वडील कीर्तनकार. दुकान 'बंद कर' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. आमच्यात बंद करण्यालाच वाढवणं म्हणतात." बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "आणि कायमचं बंद करायला काय म्हणता?" "ते आम्ही तोंडातूनच काढत नाही, बाई." मग बाईंनी कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या दुसऱ्या मशीनवरचं कापड ओढून काढलं. "कुलूप लाव. उद्यापासून हिच्यावर तू बस."