पांढऱ्या बांगड्या

यशोदाबाईंच्या हातातलं तबक कलंडता कलंडता राहिलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपून त्या शेजारच्या खोलीत तिळगूळ द्यायला आल्या होत्या. भागुबाई आणि तिची ती बंगालीण, दोघीही विधवा. म्हणून कुंकवाची कोयरी त्यांनी बेतानं आपल्या अंगाकडे धरली होती. तरी चारुबालानं हात पुढे केला, आणि तोही तिळगुळाला नाही, कोयरीला. चिमूटभर कुंकू घेऊन तिनं कानापर्यंत वाढलेल्या केसांच्या भांगात भरलं.

“हिला काही कळतं की नाही, भागुबाई?” असं म्हणत यशोदाबाई उंबऱ्याबाहेर झाल्यासुद्धा.

भागुबाई पदराचं टोक घेऊन पुसायला धावली. चारुबालानं तिचं मनगट धरलं. पाच महिन्यांत या बाईनं कधी कुणाला अडवलं नव्हतं. पुढ्यात येईल ते खाल्लं, दाखवाल तिथे निजली.

“आछेन, दीदी,” ती म्हणाली. भांगाला हात लावला, मग दाराबाहेर, स्टेशनच्या दिशेला बोट केलं. “आछेन.”

भागुबाईला बंगालीचा गंध नव्हता. पण एवढं कळायला भाषा कशाला लागते? आहे. हिचा नवरा आहे.

तिनं पदराचं टोक सोडलं.

चारुबाला नाशिकरोडला उतरली नव्हती, उतरवली गेली होती. पूर्व बंगालात माणसं मारली जात होती तेव्हा लाखो लोक पळून इकडे आले, त्यांतली ती एक. रायपूरच्या स्टेशनावर गर्दीत आपली माणसं चुकली, ती भलत्याच गाडीत चढली आणि नाशिकरोड येईतो तापानं बेशुद्ध झाली. दवाखान्यात विषमज्वर निघाला. केस कापले ते भागुबाईनंच, ती तिथे आया होती. हात सुजले तेव्हा साबण लावून मनगटातल्या जाड पांढऱ्या बांगड्या काढल्या त्याही तिनंच. बाई बरी झाली तेव्हा जाणार कुठे? भागुबाई तिला आपल्या खोलीवर घेऊन आली.

तिची माणसं शोधायचं काम धोंडीरामतात्यांनी अंगावर घेतलं. पोस्टात हयात गेलेला माणूस, पत्र पाठवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. नाव आणि गाव चारुबालानं सांगितलं. बाकीचं तात्यांनी भागुबाईला विचारलं, आणि तिनं न अडखळता सांगून टाकलं, “विधवा हाय.” गळ्यात काळा मणी नाही, कपाळ मोकळं, हातात होत्या त्या बांगड्याही पांढऱ्या. आणखी काय बघायचं असतं? खुद्द तिला विचारावं हे कुणाला सुचलं नाही. तीन पत्रं गेली. तिन्ही छावण्यांतून एकच उत्तर आलं, या नावाच्या विधवेचा शोध इथे कुणी करत नाही.

कसा करील? तो बायको शोधत असेल.

भागुबाईनं चूल पेटवली. परातीत पीठ घेतलं, दोघींचं. अकरा वर्षं तिनं एकटीपुरतं पीठ मळलं होतं. एका भाकरीसाठी चूल पेटवायचा कंटाळा येई, मग ती तशीच पाणी पिऊन निजे. ही आली आणि परात भरली. बोलणं नव्हतं, पण कुणीतरी समोर बसून जेवत होतं. सुटीच्या दिवशीसुद्धा दार उघडायला कुणीतरी होतं.

उद्या सकाळच्या डाकेला चौथं पत्र जाणार होतं, शेवटचं. लढाई संपली होती. छावण्या रिकाम्या होत होत्या, माणसं परत चालली होती. पुन्हा कुणी कुणाला कुठे शोधायचं? आणि भागुबाई गप्प बसली तर कुणाला काय कळणार होतं? यशोदाबाई तर म्हणतच होत्या, तापानं हिच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणून. कुंकू काय, पुसलं की गेलं.

असं तिच्या मनात आलं. आलं, ते खोटं कशाला बोला.

चारुबाला पाटावर बसली होती. कुंकू तिच्या नाकावर सांडलं होतं. उजव्या हातानं ती डावं मनगट चाचपत होती. हे ती रोज करायची. भागुबाईला वाटायचं, हात दुखत असेल. आता उमगलं, ती बांगड्या चाचपत होती; हिच्या मुलखात सवाष्णीचं लेणं पांढरंच असणार.

तिनं पिठाचे हात धुतले. ट्रंकेतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला, त्यातल्या पांढऱ्या बांगड्या काढल्या आणि तिच्यापुढे धरल्या. चारुबालानं त्या पाहिल्या मात्र, आणि पाच महिन्यांचं रडू एकदम बाहेर पडलं. भागुबाईनं एकेक बांगडी तिच्या हातात चढवली. आपल्या हातानं सवाष्णीला बांगड्या चढवू नयेत हे तिला ठाऊक होतं. चढवल्या.

मग चप्पल घालून ती तात्यांकडे गेली. पत्र लिहून तयार होतं, तात्या पाकिटाला खळ लावत होते.

“तात्या, त्यात ‘विधवा’ लिवलंय ते खोडा. तिचा मालक हाय.”

तात्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “अहो, तुम्हीच तर सांगितलं होतं तेव्हा.”

“व्हय,” भागुबाई म्हणाली. “ते मी माझंच सांगितलं व्हतं.”