खासगी अभिप्राय

रेवणसिद्धनं 'नाही' असं लिहिलं, खाली सही केली आणि पेनाला टोपण लावलं. प्रश्न साधा होता. 'अर्जदाराने डॉक्टरला न दाखवलेला, पण आपल्या नजरेस आलेला काही त्रास आहे काय?'

अर्जदार म्हणजे विरुपाक्ष. सोलापूरच्या एकाच गिरणीत, एकाच खात्यात तो आणि रेवणसिद्ध सतरा वर्षं जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम होते. त्र्याहत्तर साली गिरणीनं जर्मनीहून नवे माग मागवले. ते शिकायला तीन महिने एक माणूस तिकडं पाठवायचं ठरलं आणि विरुपाक्षची निवड झाली. जायचं तर प्रवासाचा विमा हवा, अशी तिकडच्या कंपनीची अट होती. विम्याच्या डॉक्टरनं विरुपाक्षची छाती ठोकून पाहिली, वजन घेतलं आणि पास केलं. राहिला होता तो एका जुन्या मित्राचा खासगी अभिप्राय. विरुपाक्षनं मोठ्या विश्वासानं रेवणसिद्धचं नाव दिलं होतं.

आणि हा मित्र त्याला पाण्यात पाहत होता. माग अडला की नुसता कान लावून दोष सांगणारा रेवणसिद्ध, आणि साहेबापुढं गोड बोलून विमानात बसणार विरुपाक्ष. नोटीस लागली त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर म्हणाला, पित्त झालंय. पित्त कसलं आलंय, दुसऱ्याच्या नशिबानं पोटात दुखत होतं.

त्रास त्याच्या नजरेस आला होता. वर्षभर येत होता. विरुपाक्ष एका पाळीत अर्धा माठ संपवायचा. त्याची पँट ढगळ होत चालली होती. गिरणीमागच्या भिंतीपाशी तो लघवीला उभा राहायचा, त्या जागी मुंग्या धरायच्या. रेवणसिद्धच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. पुढं सरकारी दवाखान्यात त्यांचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. साखरेचा आजार ओळखायला त्याला डॉक्टरची गरज नव्हती.

खरं लिहिलं असतं तर विरुपाक्ष राहिला असता. यादीत पुढचं नाव रेवणसिद्धचंच होतं. पण मग सगळी गिरणी विरुपाक्षला बिचारा म्हणाली असती आणि रेवणसिद्ध ठरला असता बदली कामगार. ते त्याला नको होतं. जाऊ दे की त्याला. तिकडं आठ दिवसांत अंथरूण धरेल. लपवलेल्या दुखण्याला विमा लागू नाही, हे फॉर्मवरच छापलं होतं. परक्या मुलखात कुत्रं विचारणार नाही. हात हलवत परत येईल, आणि मग साहेबाला कळेल, कुणाला पाठवायला हवं होतं. असा हिशेब करून त्यानं 'नाही' लिहिलं, तेही ठळक अक्षरात.

विमा मंजूर झाला. विरुपाक्ष सायकल टाकून धावत आला आणि त्यानं रेवणसिद्धला मिठी मारली.

"एजंट म्हणला, दोस्तानं लई चांगलं लिवलंय. रत्नम्मा तर तुझं नाव घिऊन देवापुढं दिवा लावती बघ."

रत्नम्मा म्हणजे विरुपाक्षची बायको. रेवणसिद्ध हसला. घरी जाऊन त्या दिवशी तो पोटभर जेवला.

निघायच्या दिवशी दुपारी विरुपाक्षकडं जेवण होतं. विणकाम खात्याचे पंचाक्षरी साहेब त्याला स्टेशनवर सोडायला मोटार घेऊन आले होते. रत्नम्मानं हुग्गी केली होती, गव्हाची गूळ घातलेली खीर, वरून तूप. जर्मनीसाठी घेतलेले नवे बूट विरुपाक्ष सकाळपासून घालून फिरत होता. पंगतीत बसायला त्यानं ते काढले, तेव्हा डावा मोजा टाचेपाशी रक्तानं भिजलेला दिसला.

"बूट चावलाय की रं," रेवणसिद्ध म्हणाला.

"कुटं?" विरुपाक्षनं वाकून पाहिलं आणि तो हसला. "मला तर काय कळलं बी न्हाय."

रेवणसिद्धचे वडीलही असंच म्हणाले होते, असंच हसत. त्या पायाकडं बघता बघता त्याच्या पोटातली आग कधी विझली ते त्यालाच कळलं नाही. जर्मनी नको, विमान नको, साहेबाची शाबासकी नको. त्याला फक्त भीती वाटली, आणि सतरा वर्षं सोबत काढलेला हा माणूस आपला आहे असं वाटलं. तो पंगतीतून उठला.

"साहेब, ह्याला धाडू नका. ह्याला साखरेचा आजार हाय. मला वरीसभर ठावं हाय. आजच्या आज लघवी तपासा."

पंगत हातातला घास हातात धरून बसली. मग साहेबांनी मोटार स्टेशनऐवजी डॉक्टरकडं नेली. मागोमाग घरचे चालत आले. तासाभरात निकाल लागला. लघवीत साखर भरपूर होती; तपासणीच्या नळीतलं औषध विटेसारखं लाल झालं होतं. जर्मनी रद्द झाली.

दवाखान्याच्या पायरीवर साहेबांनी रेवणसिद्धला थांबवलं. "उद्या तुमचे कागद घेऊन या. आता नंबर तुमचाच." रेवणसिद्धच्या हे ध्यानातही नव्हतं.

शेजारी रत्नम्मा उभी होती. तिनं ते ऐकलं. ओवाळायला नेसलेलं जरीचं लुगडं तिच्या अंगावर तसंच होतं. तिनं डोळे पुसले आणि ती शांतपणे म्हणाली,

"त्या कागदावर चांगलं लिवलंत, तवा वाटलं, तुमच्यासारखं निर्मळ मन कुणाचं न्हाय. आज कळलं अण्णा, तुमी किती जळताय."