अर्धी प्रतिज्ञा

"…एक राष्ट्र, देवाच्या छत्रा—"

"थांबा," लेलंड म्हणाला.

अमेरिकेतल्या आमच्या आयोवात शाळा समितीची सभा राष्ट्रनिष्ठेच्या प्रतिज्ञेनं सुरू होते. त्या संध्याकाळी विषयच तो होता: प्रतिज्ञेत देव ठेवायचा की काढायचा.

"आधी काढा, मग म्हणू," लेलंड म्हणाला.

"आधी म्हण, मग काढून दाखव," पाद्र्यांची बायको आर्डिथ म्हणाली.

सगळे उभे, उजवा हात छातीवर. हात आधी खाली घेईल तो देशद्रोही ठरणार, म्हणून पाऊण तास कुणीच घेईना.

"ऑर्विन," द्वोराकबाई अध्यक्षांना म्हणाल्या, "शाळा गरम ठेवणारा बॉयलर बंद पडलाय. माझी तिसरीची पोरं हातमोजे घालून लिहितायत. तेवढा नवा बॉयलर मंजूर कर."

"सभा सुरू कुठे झालीये, बाई? प्रतिज्ञा अर्धीच राहिलीये."

"मग सभा संपव तरी."

"सुरू न झालेली सभा संपवता येत नाही," लेलंड म्हणाला.

"हे मात्र खरं," आर्डिथ म्हणाली.

वर्गात गोंधळ झाला की बाई जे करतात, तेच त्यांनी इथं केलं. दिवे घालवले. अंधारात खुर्च्या करकरल्या. दिवे लावले तर सगळे बसलेले. आधी कुणाचा हात खाली आला, ते कुणालाच सांगता येईना.

"पण प्रतिज्ञा?" ऑर्विननं विचारलं.

"अंधारात मी पूर्ण म्हटली," द्वोराकबाई म्हणाल्या.

"ते शब्द घेऊन की गाळून?" लेलंड आणि आर्डिथनं एकदमच विचारलं.

"मनातल्या मनात," बाई म्हणाल्या. "आता बॉयलर हवा असलेल्यांनी हात वर करा."